गच्चीवरची शाळा आणि आपला ओटा

(पाथर्डी इथं झालेल्या वस्ती मेळाव्यातलं भाषण. बुलेटिनसाठी लिहून काढलं आहे.)

गर्भगिरीच्या डोंगरकडेनं पायी आलेल्या, टेम्पोत उभं राहून आलेल्या आया-बहिणींनो, म्हाताऱ्या माणसांनो, आणि मागं दंगा करणाऱ्या पोरांनो, सगळ्यांना जोहार.

आज दाव्यांचं बोलायचं आहेच. पण त्याआधी आम्हाला एका शिक्षिकेची आठवण करायची आहे. त्यांचं नाव सिस्टर सिरिल मूनी. कॅथलिक धर्मभगिनी, म्हणजे आपण ज्यांना नन म्हणतो त्या. 2023 च्या जून महिन्यात त्या कोलकात्याला वारल्या. वय 86. आपल्यापैकी कुणी त्यांना पाहिलेलं नाही. मग पाथर्डीत, जमिनीच्या मेळाव्यात, कोलकात्याच्या ननबाईचं काय काम? असं कुणी विचारलं तर बरोबरच आहे. त्याचं उत्तर शेवटपर्यंत बसलात तर मिळेल.

आधी त्यांची हकिगत सांगतो.

सिस्टर सिरिल मूळच्या आयर्लंडच्या. जन्म 1936 चा. 1956 साली, विशीच्या वयात, त्या भारतात आल्या आणि परत गेल्या नाहीत. लोरेटो नावाच्या संघातल्या त्या सिस्टर. मदर तेरेसा सुरुवातीला याच संघात होत्या आणि कोलकात्यातच शाळेत शिकवत होत्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. सिस्टर सिरिल यांनी लखनौला प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केली. एवढं शिकलेलं माणूस मोठ्या कॉलेजात आरामात बसू शकलं असतं. त्या शाळेत शिकवत राहिल्या.

1979 साली त्या कोलकात्याच्या सियालदह भागातल्या लोरेटो डे स्कूलच्या प्राचार्य झाल्या. सियालदह म्हणजे मोठं रेल्वे स्टेशन. खेड्यापाड्यातून, पुरातून, दुष्काळातून, फाळणीतून उठलेली माणसं जिथं उतरली आणि जिथं फुटपाथवर राहिली ते ठिकाण. आणि स्टेशनच्या जवळच ही इंग्रजी माध्यमाची, नावाजलेली मुलींची शाळा. आत इस्त्रीचे गणवेश, बाहेर उघडी पोरं. मध्ये एक गेट.

आता आकडे ऐका. सिस्टर आल्या तेव्हा शाळेत 790 मुली होत्या. त्यातल्या 90 गरीब घरच्या, फी न भरणाऱ्या. बाकी 700 फी भरणाऱ्या. पुढं वीसेक वर्षांत शाळा 1400 मुलींची झाली, आणि त्यातल्या 700 फी न भरणाऱ्या होत्या. म्हणजे निम्म्या.

हा हिशोब नीट मांडून बघा. 1400 तून 700 गेल्या, फी भरणाऱ्या किती राहिल्या? तेवढ्याच, 700. एकाही मुलीला 'तू श्रीमंताची, तू बाहेर हो' असं म्हणावं लागलं नाही. कुणाचा बाक काढून घेतला नाही. सरकून बसा, एवढंच सांगितलं. आज शिक्षणहक्काचा कायदा खाजगी शाळांना 25 टक्के जागा गरिबांसाठी ठेवायला सांगतो. तो कायदा 2009 चा. या बाईंनी कायद्याच्या कितीतरी आधी, कुणी सक्ती केली नसताना, 50 टक्के केल्या. आणि आपल्याला लोक काय सांगतात? आदिवासीला हक्क दिला तर जंगल संपेल, दुसऱ्याचं जाईल. सरकून बसलं तर जागा होते, हे एका शाळेनं करून दाखवलं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे.

1985 साली सिस्टरांनी शाळेचं गेट रस्त्यावरच्या पोरींसाठी उघडलं. या पोरी कचरा वेचणाऱ्या, भीक मागणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या. त्यांना काही दहाच्या ठोक्याला वर्गात येता येत नाही. काम झालं की येणार, वेळ झाली की जाणार. मग त्यांना शिकवायचं कुणी? वेगळे मास्तर ठेवायला पैसे कुठून आणायचे?

सिस्टरांनी शाळेतल्याच मुलींना शिकवायला लावलं. पाचवीपासून वरच्या मुलींना कार्यानुभवाचे तास असतात ना, भरतकाम, विणकाम, तसले. ते तास या कामाला दिले. एकेका वर्गाची पाळी लावली. त्यामुळं रस्त्यावरची पोरगी कधीही आली तरी तिला शिकवायला कुणीतरी हजर. एका पोरीला एक शिकवणारी. दहा-बारा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मुलीला अक्षर गिरवायला शिकवते आहे. या पोरींना त्यांनी नाव दिलं 'रेनबो', म्हणजे इंद्रधनुष्य. तयारी झाली की पोरगी त्याच शाळेच्या नाहीतर जवळच्या शाळेच्या वर्गात बसायची.

पुढं कळलं की दिवसा शाळा आणि रात्री फुटपाथ, असं चालत नाही. रात्रीच्या फुटपाथवर पोरीचं काय होतं हे आपल्या बायांना सांगायला नको. मग शाळेची वरची गच्ची या पोरींना राहायला दिली. त्या तिथंच जेवायच्या, तिथंच झोपायच्या, सकाळी खाली वर्गात जायच्या. नावाजलेल्या शाळेच्या गच्चीवर रस्त्यावरची पोरं राहतात म्हटल्यावर काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. शाळेची इमारत, फळा, बाक, नळ, संडास ही समाजाची साधनं आहेत. ती संध्याकाळी कुलपात ठेवायची आणि पोरांना भिंतीबाहेर झोपवायचं, हे शिक्षण नव्हे.

साथींनो, इथं थोडं थांबा. साधन कुणाचं, यावरच तर आपलं भांडण आहे. जंगल कुणाचं? ज्याच्या नावाची पाटी लागली त्याचं, की जो त्यात राबतो, राखतो, जगतो त्याचं? सिस्टरांनी हा प्रश्न शाळेपुरता सोडवला. आपण डोंगरापुरता सोडवतो आहोत.

आता तिसरी गोष्ट, आणि आपल्या सगळ्यात कामाची.

दर गुरुवारी शाळेतल्या मोठ्या मुली कोलकात्याबाहेरच्या खेड्यांतल्या शाळांत जायच्या. तिथं मास्तर एक आणि पोरं शंभर, अशी गत. या मुली पोरांचे गट करून शिकवायच्या. त्यातून सिस्टरांना एक कळलं. शिकवायला डी.एड. ची पदविका लागतेच असं नाही. शिकवायचं मन लागतं, आणि कसं शिकवायचं ते दाखवणारं कुणीतरी लागतं. मग त्यांनी खेड्यातल्या, वस्तीवरच्या तरुण पोरा-पोरींना शिकवायचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांना 'बेअरफूट टीचर' म्हणायचे, अनवाणी शिक्षक. आठवी, दहावी, बारावी झालेली ही पोरं. भिंतीचा फळा कसा करायचा, चिंचोक्यांनी गणित कसं शिकवायचं, पोराला न मारता वर्ग कसा सांभाळायचा, हे शिकून आपापल्या वस्तीवर परत जायची. असे हजारो शिक्षक तयार झाले.

आणि वीटभट्ट्या! बंगालमध्ये भट्टीवर राबणारी माणसं हंगामात घरदार उचलून येतात. पोरं शाळेतून तुटतात. सिस्टरांच्या शाळेनं भट्टीवरच वर्ग चालवले. पोर जिथं आहे तिथं शाळा गेली.

या कामाची दखलही घेतली गेली. युनेस्कोचा नोमा साक्षरता पुरस्कार 1994 साली मिळाला, पद्मश्री 2007 साली मिळाली. 2011 पर्यंत त्या प्राचार्य होत्या. पण पुरस्काराची यादी वाचायला आम्ही उभे नाही. भट्टीचं नाव काढलं आणि इथं बसलेल्या अर्ध्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं, ते आम्ही पाहिलं.

कारण आपल्याकडं भट्टीचा भाऊ कोयता आहे.

दसरा झाला की मुकादम दारात येतो. उचल घेतलेली असते, पावसाळ्यात खाऊन झालेली असते. दिवाळी धड होत नाही तोवर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत भांडी, कोंबड्या, सरपण आणि पोरं. पाचटाच्या कोपीत सहा महिने. चौथीतली पोरगी धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधायला हात लावते. एप्रिल-मे मध्ये परत येते तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षं झाली की ती शाळेत जायचंच सोडते, आणि मग तिचं लग्न उरकलं जातं. नंतर तीही कोयता.

साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पोरांनी गावात आजी-आजोबांपाशी राहायचं, शाळेत जायचं, जेवण योजनेतून मिळायचं. चांगली आहे. पण टोळी निघते दिवाळीला, आणि वसतिगृहाला मंजुरी येते तेव्हा पोरं फडात पोचलेली असतात. पोर दुसऱ्या गावी गेलं तर तिथल्या शाळेत बसवून घ्यायचं, त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. इथं किती जणांनी ते पाहिलं आहे? हात वर करा. बघा.

आता म्हणाल, हे झालं शाळेचं. जमिनीचं काय?

सांगतो. आमच्या ओळखीची एक वस्ती आहे. नाव घेत नाही. तिथल्या वीस-बावीस घरांनी वनहक्काचे दावे भरले. पिढ्यान्‌पिढ्या कसतात, विहिरीची खूण आहे, म्हसोबा आहे, म्हाताऱ्यांचे जबाब आहेत. दावे फेटाळले. कायद्यानं फेटाळल्याची कारणं लेखी द्यावी लागतात, आणि वरच्या समितीकडं दाद मागायला 60 दिवस मिळतात. कागद आले कधी? माणसं फडात असताना. घरात म्हातारी एकटी. तिनं कागद घेतला, अंगठा दिला, आणि देवळीत नीट जपून ठेवला. जपून बरं का, टाकून दिला नाही! सरकारी कागद आहे, कामाचा असणार म्हणून. माणसं परत आली तेव्हा 60 दिवस कधीच उलटून गेले होते. घरात वाचणारं एक पोर असतं तरी फोनवरून बापाला कळलं असतं.

म्हणून आम्ही म्हणतो, शाळा आणि जमीन ही दोन आंदोलनं नाहीत.

2019 चा फेब्रुवारी आठवा. ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जंगलातून काढा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 13 तारखेला झाला. देशभर लोक रस्त्यावर आले, आणि 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली. त्या पंधरा दिवसांत आपल्या वस्त्यांवर किती अफवा उठल्या! कुणी म्हणे उद्याच बुलडोझर येतो. कुणी म्हणे पैसे द्या, नाव वाचवतो. ज्या वस्तीवर कागद वाचणारं माणूस होतं तिथं लोक घाबरले, पण लुटले गेले नाहीत.

आता आणखी एका सिस्टरांचं नाव घेतो, त्या आपल्या जवळच्या. सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा. जन्म गोव्यातला, 1924 चा. मुंबईच्या सोफिया कॉलेजच्या त्या प्राचार्य. सोफिया म्हणजे मुंबईतल्या बड्या वस्तीतलं मुलींचं नामांकित कॉलेज. पुढं त्या खुर्चीवरून उठल्या आणि झारखंडमधल्या तोरपा भागात आदिवासींमध्ये काम करायला गेल्या. 2008 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तोरपा कुठं आहे ठाऊक आहे? मुंडांच्या मुलखात. बिरसाच्या मुलखात! तिथंच कोयल-कारो धरणाविरुद्ध लोक पंचवीस-तीस वर्षं लढले. 2 फेब्रुवारी 2001 ला तपकरा गावात पोलिसांनी गोळीबार केला, आठ जण शहीद झाले. पण धरण झालं नाही. लोकांनी होऊ दिलं नाही. सिस्टरांनी तो लढा लढवला असं आम्ही म्हणत नाही. तो मुंडांनी लढवला. आम्ही एवढंच म्हणतो की मुंबईच्या मोठ्या कॉलेजची प्राचार्य जेव्हा म्हणते, आता मला त्या माणसांत जायचं आहे, तेव्हा शिक्षण म्हणजे गाव सोडून वर चढायची शिडी, हे जे आपल्या डोक्यात भरवलं आहे ते खोटं ठरतं.

आपल्यातलं पोरगं बारावी झालं की काय होतं? ते नगरला जातं, पुण्याला जातं, कंपनीत लागतं. जाऊ दे, पोट आहे. पण वस्तीवर आलं की आपल्या आजीशी आपल्या बोलीत बोलायला लाजतं. अशा शिक्षणानं वस्ती रिकामी होते. सिस्टरांच्या अनवाणी शिक्षकांनी उलटं केलं. शिकले आणि वस्तीकडं तोंड करून उभे राहिले.

काही साथींच्या मनात शंका आहे ती आम्ही उघड बोलतो. सिस्टर म्हटल्यावर धर्म आला. बाहेरून येऊन आपल्या लोकांना आपल्या देवांपासून तोडतात, असं म्हणतात. आमचं म्हणणं असं. कुणीही येवो, झेंडा कुठलाही असो, आपण दोन प्रश्न विचारायचे. आमच्या पोराला काय दिलं? आणि त्याबदल्यात काय मागितलं? सियालदहच्या शाळेत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्या घरच्या पोरी एका गच्चीवर राहिल्या. नाव विचारून भाकरी वाढली नाही. हेच दोन प्रश्न आश्रमशाळेला विचारा, खाजगी संस्थेला विचारा, आम्हालाही विचारा.

आणि आपल्या जिल्ह्याला हे काही नवीन नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिस फरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई नगरला मुलींना शिकवत होत्या. त्या प्रॉटेस्टंट, नन नव्हेत. त्यांच्याकडं शिकवायचं शिक्षण घ्यायला कोण आलं होतं? सावित्रीबाई फुले. बाहेरून आलेल्या बाईकडून विद्या घेतली आणि आपल्या माणसांसाठी आपली शाळा उभी केली. घ्यायचं कसं, हे सावित्रीबाईंनी नगरलाच दाखवून ठेवलं आहे.

आता दुसरी शंका. ती शाळा शहरातली, पैसेवाली, पक्की गच्ची असलेली. आपल्याकडं काय आहे? पत्र्याची घरं. खरं आहे. पण गच्ची नाही तर ओटा आहे. देवळाचा ओटा आहे, समाजमंदिर आहे, ज्याच्या दारी लिंब आहे त्याची सावली आहे. आणि दहावी-बारावी झालेली पोरं-पोरी प्रत्येक वस्तीवर दोन-चार तरी आहेत. आम्हीच आहोत की! आम्ही तरुण साथींनी आपसात बसून ठरवलं आहे, ते तुमच्यापुढं मांडतो. पटलं तर हात वर करा, नाही पटलं तर बोला.

एक. टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक वस्तीवर यादी करायची. कुठलं पोर जाणार, कुठलं राहणार, कुणाची आजी सांभाळणार. ही यादी ग्रामसभेत ठेवून हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आत लेखी द्यायची. पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. जी पोरं जातीलच, त्यांचं शिक्षण हमी कार्ड शाळेतून मागून घ्यायचं आणि ते आईच्या पिशवीत राहील, बापाच्या नव्हे. का ते बायांना कळलं, हसल्या बघा.

दोन. रोज संध्याकाळी दोन तास ओट्यावरची शाळा. शिकवणार आम्ही, आणि सातवी-आठवीतली पोरं. एका मोठ्या पोरानं दोन लहान पोरं सांभाळायची. पहिलीच्या पोराशी त्याच्या बोलीत बोलायचं, मग मराठीकडं न्यायचं. हसायचं नाही, मारायचं नाही. ही शाळा सरकारी शाळेच्या बदल्यात नाही, हे ध्यानात ठेवा. पट कमी म्हणून वस्तीची शाळा बंद करायला कुणी आलं तर ओट्यावरची सगळी पोरं घेऊन आपण त्या शाळेच्या दारात बसू.

तीन. आठवड्यातून एक दिवस, बाजाराचा सोडून, कागदाची शाळा. ही म्हाताऱ्या माणसांसाठी. देवळीतले, पेटीतले, गादीखालचे सगळे कागद आणायचे. आम्ही वाचून दाखवणार. तारीख कुठली, सही कुणाची, मुदत किती. सातबारा, वनहक्काच्या दाव्याची पोच, समितीचा निर्णय, उचलीची चिठ्ठी. फेटाळल्याचा कागद असेल तर त्याच दिवशी 60 दिवस मोजायचे आणि भिंतीवर कोळशानं तारीख लिहायची. अंगठा देण्याआधी वाचून घ्यायचं. वाचणारं कुणी नसेल तर कागद घ्यायचा, पण त्या दिवशीची तारीख एखाद्या पोराकडून त्यावर टाकून घ्यायची.

खर्च किती? खडूची पेटी, कंदील नाहीतर एक बल्ब, आणि आमची संध्याकाळ. एवढाच.

सिस्टर सिरिल यांच्या नावाचा फोटो लावायला आम्ही सांगत नाही. आपल्याकडं फोटो पुष्कळ आहेत, धूळ खातात. एका परदेशी बाईनं विशीत घर सोडलं, आणि साठ-पासष्ट वर्षं आपल्या देशातल्या सगळ्यात खालच्या पोराला समोर बसवून शिकवलं. तिचं देणं फेडायचं तर तिची युक्ती घ्यायची. ती युक्ती एवढीच. ज्याला चार अक्षरं येतात त्यानं दोन अक्षरं येणाऱ्याला शिकवायचं, आणि आजच शिकवायचं. इमारतीची वाट बघायची नाही.

टोळ्या निघायला थोडे दिवस राहिले आहेत. यादीच्या वह्या मागं ठेवल्या आहेत. जाताना आपापल्या वस्तीची वही घेऊन जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नावं सांगा, आम्ही लिहितो.

जोहार! जिंदाबाद!